अकिलीसचा क्रोध आणि चाकणचा तट

चिंचवडमधील एका व्याख्यानमालेत गेल्या वर्षी ‘महाकाव्यांतील वीर’ या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपून आभारप्रदर्शन सुरू झाले होते, तेवढ्यात मागच्या रांगेतील एक तरुण उभा राहिला. भोसरीच्या एका कारखान्यात तो कंत्राटावर काम करीत होता. दंडावर शिरस्त्राण घातलेल्या ग्रीक योद्ध्याचे गोंदण होते. त्याने विचारले, “सर, अकिलीस आणि भीम यांची कुस्ती लागली, तर कोण जिंकेल?” सभागृह हसले. मीही हसलो आणि काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी परतताना मात्र स्वतःचीच लाज वाटू लागली. त्या मुलाचा प्रश्न बालिश नव्हता. चाफेकर चौकापासून तळेगाव-चाकण रस्त्यापर्यंत प्रत्येक विजेच्या खांबाला लटकलेला फ्लेक्स तरुणांना हाच प्रश्न विचारीत असतो. कोण जिंकेल? कोणाला कोण घाबरतो? कोणाच्या वाढदिवसाला किती गाड्या आल्या?

वीरत्वाची ही व्याख्या या पट्ट्यात किती खोल रुजली आहे, हे सांगण्यासाठी संशोधनाची आवश्यकता नाही. भररस्त्यात तलवारीने केक कापणे, त्याचे चित्रण सर्वांना पाठविणे, रात्री टोळीने येऊन रांगेने उभ्या असलेल्या रिक्षा, टेम्पो आणि दुचाकींच्या काचा फोडणे, ही वृत्ते आता वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर दोन ओळींत संपतात. ऊसतोडणीचा कोयता, ज्याच्या बळावर कष्टकरी कुटुंबांची चूल पेटते, तो येथे दहशतीचे चिन्ह झाला. पकडल्या जाणाऱ्यांत पोलिसांच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असलेली मुले असतात, म्हणजे ज्यांना मिसरूडही फुटलेले नाही ती. फोडलेली रिक्षा कोणाची असते? हप्ते फेडणाऱ्या शेजाऱ्याची. ज्याच्याशी वैर आहे, त्याची ती बहुधा नसतेच.

या मुलांना पौरुषाचा आदर्श कोणी दिला? चित्रपटांनी, असे आपण सहज म्हणतो. २००४ साली आलेल्या ‘ट्रॉय’ या अमेरिकी चित्रपटानंतर अकिलीस हा ग्रीक वीर आपल्याकडील व्यायामशाळांच्या भिंतींवर येऊन बसला, हे खरे. परंतु ज्याने तो भिंतीवर लावला त्याने होमरचे काव्य वाचले असते, तर चित्र लावण्यापूर्वी तो थोडा थबकला असता.

‘इलियड’ हे २४ सर्गांचे काव्य ट्रॉयच्या युद्धाची साद्यंत कथा सांगत नाही. त्यात लाकडी घोडा नाही, ट्रॉयचे दहन नाही, अकिलीसचा मृत्यूही नाही. त्याचा विषय एकच आहे, अकिलीसचा क्रोध. सेनापती अ‍ॅगॅमेम्नॉनने त्याच्या वाट्याची युद्धबंदी स्त्री हिरावून घेतली, म्हणून ग्रीकांतील हा सर्वश्रेष्ठ योद्धा शस्त्र खाली ठेवून आपल्या तंबूत जाऊन बसतो. एवढ्यावर तो थांबत नाही. आपली उणीव स्वकीयांना भासावी यासाठी त्यांचा पराभव व्हावा, अशी प्रार्थना तो करवून घेतो. शेकडो ग्रीक मरतात. शेवटी त्याचा जिवलग पॅट्रोक्लस मरतो, तेव्हा तो उठतो. पण तेव्हाही देशासाठी नव्हे, सूडासाठी. हेक्टरला मारून त्याचे प्रेत रथाला बांधून तो फरपटत नेतो आणि मित्राच्या चितेवर बारा ट्रोजन तरुणांचा बळी देतो. हे बळी होमर सांगतो, आणि सांगताना त्या कृत्याला दुष्ट म्हणायला कचरत नाही.

येथे आपल्या वाचकाला कोणाची आठवण व्हावी? भीमाची खचितच नाही. सौप्तिक पर्वातील अश्वत्थाम्याची व्हावी. पित्याचा वध कपटाने झाला, हे त्याचे दुःख खरे होते. अकिलीसचेही खरेच होते. परंतु झोपलेल्यांना कापून काढणाऱ्या त्या क्रोधाला व्यासांनी काय फळ दिले, ते पाहावे. अकिलीससमोर दोन भवितव्ये होती, कीर्तिहीन दीर्घायुष्य अथवा कीर्तियुक्त अल्पायुष्य. त्याने दुसरे निवडले. अश्वत्थाम्याला पहिले शिक्षा म्हणून मिळाले! मस्तकावरील मणी गेला, जखम भळभळत राहिली आणि मरण आले नाही. आपल्या आजीच्या गोष्टीत तो अजूनही दारोदार तेल मागत हिंडतो. त्याचे चित्र कोणी व्यायामशाळेत लावीत नाही, हे त्या आज्यांचे पुण्य.

दोन्ही महाकाव्यांत ऐन रणांगणावर एक श्रेष्ठ योद्धा शस्त्र खाली ठेवतो, हा योगायोग विलक्षण आहे. अकिलीस ते ठेवतो, कारण त्याचा स्वतःचा मान गेला. अर्जुन ठेवतो, कारण समोरच्यांचे मरण त्याला पाहवत नाही. एकाला उठविण्यासाठी मित्राचे प्रेत लागले, दुसऱ्याला उठविण्यासाठी अठरा अध्याय. तरीही आपल्याकडील एक विद्वद्वर्ग गेली अनेक वर्षे सांगत आला आहे की, ग्रीकांचा वीर हा स्वतंत्र व्यक्ती होता आणि आपले वीर आज्ञाधारक बाहुले. याच वर्गातील दुसरी पाती आता म्हणू लागली आहे की, वीरगाथा मात्र सगळ्याच विषारी, पौरुष हा शब्दच मुळात संशयास्पद. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. दोघांनीही ग्रंथ पुरते वाचलेले नाहीत.

इंग्रजांनी वाचले होते, पण आपल्या सोयीने. ग्लॅडस्टन हा चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झालेला गृहस्थ. त्याने १८५८ साली होमरवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदुस्थानात येणाऱ्या सनदी अधिकाऱ्यांच्या परीक्षेत ग्रीक आणि लॅटिनला संस्कृत-अरबीपेक्षा अधिक गुण होते. ज्या देशावर राज्य करायचे त्याच्या भाषेपेक्षा होमरची भाषा मोलाची, असा तो हिशेब. अशा शाळांतून घडलेले तरुण साहेब आपण म्हणजेच ग्रीक वीर आणि समोरचे काळे लोक म्हणजे जिंकून घ्यावयाचे नगर, असे मानू लागले, तर नवल ते काय! आणि त्यांच्याकडून आपल्या पाठ्यपुस्तकांत आलेला ‘हिरो’ हाच मुळात असा निवडून कापलेला होता.

कारण होमर स्वतः तसा नाही. त्याच्या काव्यात पौरुषासाठी दोन शब्द येतात, ‘एनोरेए’ आणि ‘अगेनोरिए’. दोन्हींच्या मुळाशी ‘अनेर’ म्हणजे पुरुष. आपल्या ‘नर’ शब्दाचा तो भाऊबंदच. अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, पहिला शब्द पुरुषाच्या योग्य सामर्थ्यासाठी वापरला जातो, दुसरा मर्यादा ओलांडलेल्या, सोबत्यांपासून तुटलेल्या पुरुषीपणासाठी. हा दुसऱ्या जातीचा शब्द त्याचा स्वकीय डायोमिडीज कोणासाठी वापरतो? तंबूत रुसून बसलेल्या अकिलीससाठी. ग्रीक काव्याने आपल्या सर्वांत मोठ्या वीराला हा दोष लावलेला आहे.

आणि तट राखणारा तो हेक्टर! काव्य ग्रीकांचे, हेक्टर शत्रूचा सेनानी. तरी होमरने आपले सर्वांत कोमल प्रसंग त्याला दिले आहेत. सहाव्या सर्गात रणातून क्षणभर नगरात आलेला हेक्टर पत्नी अँड्रोमाकीला भेटतो. दाईच्या कडेवरील तान्हे बाळ बापाचे शिरस्त्राण आणि त्यावरील हलता तुरा पाहून भेदरते आणि रडू लागते. आईबाप हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, बाळाला उचलून घेतो आणि हा बापापेक्षा मोठा होवो, अशी देवांजवळ प्रार्थना करतो. पत्नी त्याला बजावते की, तुझे हे शौर्यच तुझा घात करील. तो जातो, कारण तट पडला तर या स्त्रीचे आणि बाळाचे काय होईल, हे त्याला ठाऊक आहे. दंडावर गोंदायचे असेल, तर ते जमिनीवर ठेवलेले शिरस्त्राण गोंदावे.

हेक्टरही निर्दोष नाही. पॉलिडामस हा त्याचा सुज्ञ सहकारी सांगत होता की, अकिलीस रणात उतरतो आहे, सैन्य तटाच्या आत घ्या. हेक्टरने त्याला उडवून लावले. दुसऱ्या दिवशी सैन्याची धूळधाण झाल्यावर दाराबाहेर एकटा उभा राहिलेला हेक्टर आत जाऊ शकत नाही. का? तर पॉलिडामसला तोंड दाखवायची लाज. म्हातारा बाप तटावरून विनवतो, आई विनवते; हा उभाच. तो मेला आणि ट्रॉयचा आधार गेला. आपली चूक चारचौघांत कबूल करण्याचे धैर्य तेवढे त्या शूराजवळ नव्हते.

तटाची ही गोष्ट मी इतक्या विस्ताराने सांगतो आहे, कारण असाच एक तट आपल्या दारात आहे. मोटारींचे कारखाने म्हणून ज्या चाकणला जग ओळखते, त्या चाकणच्या वस्तीत संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. काही बुरूज, तटाचे तुकडे, खंदकाच्या खुणा. नाशिक महामार्गाने रोज कामावर जाणाऱ्या हजारोंपैकी किती जण तेथे गेले आहेत?

१६६० साल. शाहिस्तेखान पुण्यात येऊन ठाकलेला, शिवाजी महाराज पन्हाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. जूनमध्ये खानाने चाकणला वेढा घातला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि काहीशे माणसे. डोंगराचा आधार नाही, दाट अरण्य नाही, सपाट मैदानावरचा कोट. बाहेरून कुमक येण्याची आशा नाही, कारण कुमक पाठविणारा धनीच वेढ्यात. जुलैच्या मध्यास महाराज पन्हाळ्यातून निसटले, बाजीप्रभूंनी खिंडीत देह ठेवला. तरीही चाकणला मदत पोहोचणे शक्य नव्हते. भर पावसाळ्यात सुमारे ५५ दिवस ही माणसे लढत राहिली. १४ ऑगस्टला मोगलांनी भुयार खणून, सुरुंग लावून बुरूज उडविला. खिंडार पडले. त्या खिंडारात फिरंगोजी आणि त्याची माणसे रात्रभर उभी राहिली. मोगलांच्या बाजूचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाल्याची नोंद आहे. दुसऱ्या दिवशी, प्रतिकाराची सीमा झाल्यावर, राव भावसिंहाच्या मध्यस्थीने फिरंगोजीने किल्ला दिला आणि उरलेली माणसे जिवंत बाहेर काढली. खानाने त्याच्या शौर्यावर प्रसन्न होऊन चाकरी देऊ केली, ती नाकारून तो महाराजांकडे गेला.

पराभूत किल्लेदार धन्यासमोर उभा राहिला, तेव्हा काय झाले? त्याचा सन्मान झाला. त्याला भूपाळगडाची किल्लेदारी मिळाली. (१६७९ मध्ये तो गडही पडला, ती कथा दुःखद आणि वादग्रस्त आहे, येथे तिचे प्रयोजन नाही.) ज्याने किल्ला गमावला त्याच्या हाती दुसरा किल्ला देणारा राजा कोणते माप वापरीत होता? कोण जिंकले, हे ते माप खचितच नव्हते. साध्या भुईकोटासाठी जर दोन महिने आणि इतकी माणसे खर्ची पडतात, तर सह्याद्रीच्या गडांसाठी किती लागतील, हा हिशेब फिरंगोजीने खानाला करायला लावला. हेक्टरला जे जमले नाही, ते त्याला जमले. कधी उभे राहायचे हे जसे त्याला कळले, तसेच कधी आपल्या माणसांचे प्राण वाचवायचे हेही. शरणागतीची लाज त्याने स्वतःच्या अंगावर घेतली.

हे माप येथे परक्या देशातून आलेले नव्हते. चाकणपासून थोड्याच अंतरावर देहू आहे. वेढ्याच्या दहा-अकरा वर्षे आधी वैकुंठवासी झालेल्या तुकोबांनी पाइकीचे अभंग लिहिले आहेत. त्यांचा पाईक जिवाची तमा न बाळगता धन्याची सेवा करतो, घाव स्वतःच्या अंगावर घेतो, रयतेला राखतो; आणि नुसत्या पोटासाठी हत्यार बांधणाऱ्याला तुकोबा पाईक म्हणायला तयार नाहीत. ज्यांना संतांनी समाज दुबळा केला असे वाटते, त्यांनी हे प्रकरण एकदा उघडून पाहावे. त्याच इंद्रायणीच्या खोऱ्यात वरच्या अंगाला कार्ल्याच्या लेण्यांत यवन म्हणवून घेणाऱ्या दात्यांनी खांब कोरवून दिल्याचे लेख आहेत. तेव्हा ग्रीकांचे नाव या मातीला दोन हजार वर्षांपासून परिचित आहे. त्यांनी येथे येऊन दान दिले, नाव कोरले. (त्या नदीवर आळंदीत आज फेस तरंगतो, तो मात्र कोणत्या यवनाने आणला नाही.)

चिंचवडला चाफेकरांचे नाव घेतल्यावाचून वीरत्वाची चर्चा पुरी होत नाही. पण ते नाव फ्लेक्सवर छापणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २२ जून १८९७ ला दामोदरपंत आणि बाळकृष्णपंत गणेशखिंडीच्या रस्त्यावर गेले, ते स्वतःच्या अपमानाचा हिशेब चुकता करायला नव्हे. प्लेगच्या निमित्ताने घराघरांत शिरलेल्या गोऱ्या शिपायांनी पुण्यातील सामान्य माणसाची जी विटंबना केली, तिचा तो जाब होता. तिघे भाऊ फासावर गेले. आज त्यांच्या नावाने चालणाऱ्या कार्यातून चिंचवडला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी गुरुकुल उभे आहे, आणि त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पारध्याच्या पोराला अक्षर आणि हुन्नर शिकविणे हे चाफेकरांच्या नावाला शोभते. चाफेकरांचे चित्र लावून डीजेच्या भिंती उभारणे शोभत नाही. हे मी आपल्याच मंडळांना उद्देशून म्हणतो आहे. परक्यांना दोष देण्याचे काम सोपे असते, टाळ्याही मिळतात. परंतु मिरवणुकीत तलवार नाचविणारा मुलगा आपल्या गल्लीतला आहे, त्याचा फ्लेक्स आपल्या वर्गणीतून लागलेला आहे, आणि त्याच्या हातातून ती तलवार काढून घेण्याचे धाडस आपल्यातील ज्येष्ठांना झालेले नाही. पॉलिडामससारखे कोणी बोललेच, तर त्याची भित्रा म्हणून संभावना होते.

आता त्या तरुणाकडे वळतो. त्याच्या दंडावरील अकिलीस ‘ओडिसी’ या दुसऱ्या काव्यात पुन्हा भेटतो, मृतांच्या लोकात. ओडिसियस त्याला म्हणतो, तू येथेही राजासारखा आहेस. अकिलीसचे उत्तर त्या गोंदणाखाली लिहावे असे आहे. मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा, पृथ्वीवर एखाद्या निर्धन शेतकऱ्याच्या घरी मजुरीने राबणारा गडी होणे मी पत्करीन, असे तो म्हणतो. ज्या शब्दाने तो मजूर सांगतो, तो ग्रीक शब्द स्वतःची जमीन नसलेल्या, दुसऱ्याच्या दारात रोजाने राबणाऱ्या माणसाचा आहे. म्हणजे चाकणच्या कंत्राटी कामगाराचा. ज्याला सर्वश्रेष्ठ वीर मानले, तो मेल्यावर त्याचा हेवा करतो आहे.

असा हेवा आपण कधी केला का? रात्रपाळी करून बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडणारा, सुरक्षा-यंत्रणा बंद ठेवलेल्या प्रेसमशीनवर बोटे गमावूनही गावी पैसे पाठविणारा, सोबत्याचा हात यंत्रात सापडला तेव्हा स्वतःचा हात घालून त्याला सोडविणारा मुलगा फ्लेक्सवर कधी दिसला नाही. त्याच्या लग्नाचेही नीट जमत नाही, कारण नोकरी कायम नाही. ज्या समाजाने तट राखणाऱ्याला असे अनाम ठेवले, त्याची पोरे रिक्षांच्या काचा फोडणाऱ्यात नायक शोधणार, यात आश्चर्य कसले!

ट्रॉयच्या बाजूचा सार्पेडॉन हा राजा आपल्या मित्राला विचारतो की, आपल्या देशात आपल्याला पहिले आसन, चांगले अन्न आणि सुपीक जमीन का मिळते? आणि स्वतःच उत्तर देतो, संकटात आपण पुढे उभे राहावे म्हणून. जमिनी विकून, ठेके मिळवून या पट्ट्यात जे पहिल्या आसनावर बसले आहेत, ज्यांचे चेहरे दर चौकात हात जोडून उभे असतात, त्यांना हाच प्रश्न विचारता येईल. कोयता घेतलेली टोळी गल्लीत शिरते, तेव्हा ते कोठे असतात? बोटे गेलेल्या कामगाराला भरपाई नाकारली जाते, तेव्हा ते कोणाच्या बाजूने बोलतात?

चाकण आणि पिंपरी-चिंचवडमधील मंडळांना, विशेषतः आपल्या विचारांच्या मंडळांना, माझी एक मागणी आहे. दर १५ ऑगस्टला कारखान्यांच्या दारात ध्वज चढतो. १६६० साली याच तारखेला फिरंगोजीने रात्रभर लढून थकलेली माणसे खिंडारातून बाहेर आणली होती. त्या सकाळी एका तासासाठी संग्रामदुर्गावर जावे. फ्लेक्स नको, ध्वनिवर्धक नको. रात्रपाळी सुटलेल्या मुलांना सोबत घ्यावे, तटाभोवतीची झुडपे काढावीत आणि ५५ दिवसांची हकिकत त्यांना सांगावी. तो दंडावर गोंदलेला तरुण तेथे आला, तर मागच्या वर्षी हसण्यावारी नेलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्याला द्यायचे आहे.